कमलअक्कांचा धाक

अर्धवट वाळलेला बिबडा पायाखाली मोडत नाही, तो तळपायाला चिकटतो. आपण दचकून दुसरा पाय टेकवला, की तिथला बिबडा त्या पायाला चिकटतो. हे ज्ञान मला यंदाच्या मे महिन्यात, भर दुपारी, आमच्या इमारतीच्या गच्चीवर झालं.

मी गेलो होतो टाकीत पाणी पडतंय का ते बघायला. जळगावात मे महिन्यात दुपारी गच्चीवर जाणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर त्याच्या घरचा नळ कोरडा असतो. चप्पल खालीच विसरलो होतो. चार पावलांत तळव्यांची भाकरी भाजून निघाली. समोर काहीतरी ओलसर, पांढरं, सावलीसारखं पसरलेलं दिसलं आणि मी सरळ त्यावर उडी घेतली. ते कमलअक्कांचं धोतर होतं, म्हणजे त्यांच्या कैलासवासी यजमानांचं. त्यावर पहाटेपासून थापलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, होते. ज्वारी भिजवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून तिचा घट्ट घाटा शिजवायचा आणि चटके सोसत तो ओल्या धोतरावर थापायचा. एवढा खटाटोप एका बाईने एका सकाळी केला होता आणि मी त्यावर नाचत होतो.

जिन्याच्या खोलीच्या सावलीत कावळ्यांसाठी काठी घेऊन अक्का बसल्या होत्या. शेजारी त्यांची नात कानू. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी पन्नाशी ओलांडलेला, दोन मुलींची लग्नं लावलेला माणूस. पण त्या नजरेसरशी माझे हात आपोआप पाठीमागे गेले आणि तोंडातून निघालं, "अक्का, वारा फार आहे हो आज."

झाडाचं पान हलत नव्हतं.

अक्का काही बोलणार तेवढ्यात कानू उठली. चार वर्षांची पोर. तिने हातांची फुली करून कान धरले आणि उठाबशा काढायला सुरुवात केली. कुणी तिला काही म्हटलं नव्हतं, कुणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"अवं, तू नही केलं काही," अक्का म्हणाल्या, "या भाऊनं केलं."

कानूचा वेग वाढला. अक्कांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तशी ती आणखी भराभर बसायला-उठायला लागली. समजावणं आणि ओरडणं यातला फरक तिला कळत नव्हता. आवाज आला की शिक्षा कमी पडतेय, एवढंच तिला ठाऊक होतं. शेवटी अक्कांनी तिला हाताने धरून थांबवलं, तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले आणि गाल पुढे केला.

अक्कांची काठी गच्चीवर पडली. कावळे येऊन बिबडे टोचू लागले तरी त्यांनी ती उचलली नाही.

पुढचं बरंचसं मला अक्कांनीच तुकड्यातुकड्याने सांगितलं. राहिलेलं ऐकू आलं, कारण मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बिल्डरने स्लॅब असा घातला आहे, की तो ऊन अडवत नाही आणि बातमीही अडवत नाही.

कमलअक्का मूळच्या सावद्याच्या. तिकडच्या बोलीत 'ळ' हे अक्षर जवळजवळ बिनकामाचं. अक्कांच्या तोंडी केळीची 'केयी' होते आणि डोळ्यांचे 'डोये'. यजमान भिकननाना केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होते. घड मोजायचे, ट्रकमध्ये रचून घ्यायचे, चादरीसारखी पानं वर अंथरायची. माणूस इतका मऊ, की हमालांनाही मोठ्याने हाक मारायचा नाही, हात हलवून बोलवायचा. तेव्हा घरातलं ओरडण्याचं खातं लग्नाबरोबरच अक्कांकडे आलं.

सुरुवातीला त्याचं फारसं काम पडत नव्हतं. एकुलता एक मुलगा भूपेंद्र, रांगता होता तोवर अक्का त्याच्याशी दिवसभर गप्पा मारायच्या. घर मात्र अगदी रस्त्यावर. हंगामात दारात केळीच्या ट्रकची रांग. एकदा ट्रक मागे येत होता आणि भूपेंद्र चाकामागे बसून माती उकरत होता. ड्रायव्हरला दिसला नाही, क्लीनरला दिसला. अक्का भांडी टाकून धावल्या, पोराला ओढून घरात आणलं, छातीशी धरलं आणि मग एक अशी थप्पड दिली की पोराच्या गालावर बोटं उठली. त्या स्वतः म्हणतात, की भीती पोटात मावेना म्हणून ती हातातून बाहेर आली.

पण भूपेंद्र त्यानंतर रस्त्यावर गेला नाही. औषध लागू पडलं. आणि लागू पडलेलं औषध माणूस दुसऱ्या दुखण्यालाही देऊन बघतो. जेवत नाही, दे. शाळेत मास्तरांनी तक्रार केली, दे. पाहुण्यांसमोर बोलला, दे. पाहुण्यांसमोर बोलला नाही, तरी दे. हळूहळू हात उचलायचीही गरज उरली नाही. अक्कांचे डोळे पुरायचे.

या डोळ्यांची कीर्ती गल्लीत पसरली. समोरच्या ताईबाईंचा पोरगा भोपळ्याला तोंड लावायचा नाही. ताईबाई अक्कांना बोलावून घेऊन गेल्या. अक्का नुसत्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पोराने भोपळा संपवला, ताट चाटलं आणि न विचारता पाढे म्हणायला लागला. तेव्हापासून गल्लीतली कुठलीही आई आपल्या पोराला म्हणायची, "बोलावू का कमलअक्काले?" पगार नव्हता, पण मान होता. लग्नकार्यात अक्का मांडवात शिरल्या की पोरांचा कालवा थांबायचा आणि वरमाई त्यांना आग्रहाने पहिल्या रांगेत बसवायची, म्हणजे लग्न शांततेत पार पडेल.

घरामागे एक खोली होती. ट्रकमधून मागे राहिलेली केळी नाना तिथे पेंढ्यात दडपून ठेवायचे आणि पिकली की बाजारात विकायला द्यायचे. खिडकी नाही, दारावर गोणपाट, आत उबारा आणि अंधार. भूपेंद्रने काही मोठा गुन्हा केला, म्हणजे पेन हरवलं किंवा उलटून बोलला, की अक्का त्याला त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायच्या. ताईबाई कुंपणावरून विचारायच्या, "काय अक्का, पोरगा पिकायले टाकला काय?" दोघी हसायच्या. नाना मात्र त्या वेळी कुठेतरी निघून जायचे. आत भूपेंद्र कधी रडला नाही. याचंच अक्कांना सगळ्यात कौतुक होतं. दुसऱ्यांची पोरं गल्ली डोक्यावर घेतात, माझा भूपा हूं की चूं करत नाही, असं त्या चारचौघीत सांगायच्या.

आणि भूपेंद्र पिकलाही चांगला. जळगावला येऊन डिप्लोमा केला, चटईच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, मेहरूणला फ्लॅट घेतला. विडी नाही, पत्ते नाहीत, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या जुगारालासुद्धा कधी बसला नाही. सावद्यात त्याचं नाव निघालं की लोक आधी अक्कांकडे बघायचे. त्याच्यात खोड काढायची तर एकच होती, तो केळी खायचा नाही. सावद्याच्या माणसाने केळं न खाणं म्हणजे भुसावळच्या माणसाने आगगाडी पाहिली नाही म्हणण्यासारखं. त्याच्याच लग्नाच्या पंगतीत शिकरण आलं आणि नवरदेव पानावरून उठून मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. लोकांनी त्यावर आठवडाभर करमणूक करून घेतली. अक्कांनीही.

तर अशा या अक्का. नाना गेल्यापासून त्या दर उन्हाळ्यात वाळवणं करायला मुलाकडे येतात. आमच्या इमारतीलाही त्यांची कीर्ती कळायला वेळ लागला नव्हता. पलीकडच्या फ्लॅटमधली दिपमाला आपल्या दूध न पिणाऱ्या पोराला अक्कांसमोर आणून उभं करायची, आणि पोरगं पेला रिकामा करून मिशा पुसत परत जायचं.

पण त्या दुपारनंतर अक्कांचं आपल्याच घराकडे लक्ष जायला लागलं. आधी का गेलं नव्हतं, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. कानू शहाणी पोर होती. खोडी नाही, हट्ट नाही, पसारा नाही. शहाण्या पोराकडे कोण बघतं?

संध्याकाळी खाली स्कूटरचा आवाज आला की कानू खेळणी गोळा करायची. गोळा करून झाली की मोजायची, मग भिंतीला पाठ लावून उभी राहायची. तिची आई मेघा, एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला, तीही आवाजासरशी बोलता बोलता थांबायची. भूपेंद्र दारात आला की कानू आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. त्यावर काय लिहिलंय ते वाचून झाल्याशिवाय ती पापणी हलवत नसे. हसली तर बापाच्या हसण्यानंतर हसायची. सकाळी अंथरूण ओलं असलं की ती उशी त्यावर सरकवून उशीवर बसून राहायची, कुणी उठवेपर्यंत.

भूपेंद्र वाईट माणूस नव्हता, हे मी शेजारी म्हणून सांगतो. लेकीसाठी रोज काहीतरी खाऊ आणायचा. तिला बोट लावत नव्हता आणि याचा त्याला अभिमान होता. आपण आपल्या आईसारखे अडाणी नाही, आपण मारत नाही, असं तो मला एकदा म्हणालाही होता. त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहून 'टाइम आउट' नावाची पद्धत शिकून घेतली होती. व्हिडिओत काय सांगितलं होतं देव जाणे. याच्या घरात त्याचा अर्थ असा झाला, की पोर चुकली की तिला बाथरूममध्ये न्यायचं, बाहेरून दिवा बंद करायचा आणि कडी लावायची. आवाज चढवायचा नाही, शिव्या नाहीत. सगळं एकदम सुधारलेलं.

आता जूनमध्ये कानूला शाळेत घालायचं होतं. एप्रिलमध्ये एका शाळेत तिला दाखवायला नेलं, तेव्हा बाईंनी तिचं नाव विचारलं. कानूने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाईंनी लाल चेंडू दाखवून रंग विचारला. कानूने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घरी तिला सगळे रंग येत होते, निदान वर्षभरापूर्वीपर्यंत ती ते म्हणत तरी होती. शाळेने सांगितलं, शाळा उघडायच्या आधी पुन्हा आणा, तोवर एखाद्या डॉक्टरांना दाखवा. भूपेंद्रच्या मते डॉक्टरचं काहीच काम नव्हतं. पोरगी हट्टी झाली होती. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी तिला समोर बसवून नाव विचारायला लागला. जितकं विचारत गेला तितकी ती आत जात राहिली. आता घरात तिचा आवाज कुणी ऐकलेला आठवत नव्हतं. अक्कांना भीती वाटायला लागली ती याची. पोर मुकी होईल.

मग एका दुपारी त्यांना तो आवाज ऐकू आला.

जेवणं झाली होती, मेघा कामावर गेली होती. अक्का पलंगावर आडव्या झाल्या होत्या. कानू खाली फरशीवर बाहुली घेऊन बसली होती. तिने बिबड्यांचा पत्र्याचा डबा ओढला, त्यात बाहुली घातली, झाकण लावलं आणि डब्याला कान लावून बसली. अक्का डोळे मिटून होत्या, झोपल्या नव्हत्या. कानू डब्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, "रडू नको. सावद्याची आजी येईल."

कित्येक दिवसांनी पोर बोलली होती. अक्कांना वाटलं होतं, ती बोलली की आपण उठून तिला उचलून घेऊ. त्या उठल्या नाहीत. श्वाससुद्धा जपून घेतला. आपण जाग्या आहोत हे त्या पोरीला कळू नये, एवढीच धडपड त्यांनी कितीतरी वेळ केली. उन्हाळ्यामागून उन्हाळा त्या नातीसाठी शेव-पापड घेऊन येत होत्या. पोर जवळ येत नाही, ती लाजाळू आहे, असं समजून चालल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी मेघाला विचारलं. मेघा चाचरत म्हणाली, की कानू जेवली नाही की ते म्हणतात तसं. सावद्याच्या आजीला फोन लावू का, ती उठाबशा काढायला लावते, गालावर देते, म्हणतात. नुसती भीती दाखवायला हो, आई. मनात काही नसतं त्यांच्या.

अक्का भाजी निवडत राहिल्या. भाजी निवडून झाल्यावर देठंही निवडत राहिल्या.

त्याच आठवड्यात दिपमाला आपल्या पोराला घेऊन आली. दूध. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या पोराच्या मानेवर उभा राहिलेला काटा त्यांना दिसला. इतकी वर्षं त्या पोरांच्या तोंडाकडे बघत आल्या होत्या, मानेकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दिपमालाला सांगितलं, की नाही पीत तर राहू दे, मांजरीला घाल. दिपमाला दुखावली. अक्कांची तब्येत बरी नाही, असं तिने इमारतभर सांगितलं.

आणि मग तो शनिवार आला. भूपेंद्र लवकर घरी आला होता. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, त्याने आवाज कमी केला आणि कानूला समोर स्टुलावर बसवलं. नाव विचारलं. पुन्हा विचारलं. अगदी शांतपणे विचारत होता. खाली माझ्या घरातही फक्त एक पुटपुट ऐकू येत होती, थांबून थांबून येणारी, एकसारखी. कानूच्या ओठांना कंप सुटला, आता बोलेल असं वाटलं, आणि स्टुलावरून पाण्याची धार खाली फरशीवर आली.

भूपेंद्रने सुस्कारा टाकला. तिला उचललं, बाथरूममध्ये ठेवलं, बटण बंद केलं, कडी लावली. फडकं आणून फरशी पुसली. मग हात धुऊन टीव्हीसमोर बसला. स्वयंपाकघरात मेघाची भाकरी तव्यावर करपली, तिने ती उलटली नाही.

अक्का वाट बघत होत्या. आता रडेल. रडायला हवी. चार वर्षांचं पोर अंधारात कोंडलं तर ते दार बडवतं, आईला हाक मारतं. आतून काहीच येत नव्हतं. नळ ठिबकत होता तेवढाच.

ही शांतता अक्कांच्या ओळखीची होती. सावद्याला त्या तिच्याकडे पाठ करून धुणं धुवायच्या आणि शेजारणींना तिचं कौतुक सांगायच्या. आज पहिल्यांदा त्या तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि त्यांना कळेना की आत पोर आहे की नाही.

उठावंसं वाटलं आणि उठवेना. समोर बसलेल्या माणसाची त्यांना भीती वाटत होती. पोटच्या पोराची. तो वळून आपल्याकडे बघेल, आणि ती नजर आपल्या ओळखीची निघेल, याची. दोनदा उठायला गेल्या, दोनदा बसल्या. मग भिंत धरून गेल्या, कडी काढली, दिवा न लावता आत शिरल्या आणि पालथ्या बादलीवर बसलेल्या कानूशेजारी ओल्या फरशीवर फतकल मारली.

भूपेंद्र दारात येऊन उभा राहिला. "आई, बाहेर ये."

"लाव कडी," अक्का आतून म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नको. तिच्याच भल्यासाठी करतोय. मला नाही का तू...? मी घडलोच ना?"

"लाव म्हनते ना. मी बी बसते."

त्याचा हात कडीवर होता. ती लागेना. स्वयंपाकघराच्या दारात मेघा उभी, हातात उलथनं. टीव्हीवर कुणीतरी आउट झाला आणि माणसं ओरडायला लागली.

अंधारातून अक्कांनी विचारलं, "भूपा, तू केयं काबरं खात नही?"

"आता हा काय प्रश्न आहे का, आई."

"ल्हानपनी तर खायचा. घडच्या घड खायचा. मंग काबरं सोडलं?"

तो उत्तर देईल असं अक्कांना वाटलं नव्हतं, आणि मनातून त्यांना ते नकोही होतं. पण तो बोलला, आणि मेघा म्हणते, तो आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. कोवळ्या पोराचा आवाज.

"त्या खोलीत काहीतरी चालायचं," तो म्हणाला. "पेंढ्यात. आधी लांब असायचं, मग जवळ यायचं. मी श्वास धरून बसायचो. अजूनही केळ्याचा वास आला की माझा श्वास अडकतो."

"तू रडत नव्हता रे."

"रडलो असतो तर त्याला कळलं नसतं का, मी कुठे आहे ते?"

नळ ठिबकत राहिला. मग बादलीवरून, अगदी बारीक, एखादं गुपित सांगावं तसा आवाज आला.

"इथं पण आहे ते, बाबा."

भूपेंद्र दिव्याचं बटण शोधायला लागला. स्वतःच्या घरातलं, रोजचं बटण. त्याला ते सापडेना. भिंतीवरून त्याचा हात नुसता फिरत होता, शेवटी मेघाने येऊन दिवा लावला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मलाही आवडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेंद्रने स्क्रूड्रायव्हर घेऊन बाथरूमची बाहेरची कडी काढली. हात इतका रेटत होता, की त्याच तडाख्यात आतलीही निघाली. आता मेघा आंघोळीला गेली की आरती म्हणते, भूपेंद्र खोकतो, आणि आम्हाला खाली बसून कोण आंघोळ करतंय ते कळतं.

कानूला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, की पोर मुकी नाही, हट्टी तर अजिबात नाही. ती घाबरलेली आहे, आणि घाबरलेल्या पोराचं सगळं डोकं पहारा देण्यात खर्ची पडतं, शब्दांसाठी काही उरत नाही. तिला प्रश्न विचारू नका, नुसतं तिच्याजवळ बसून आपलं आपण बोला. वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

भूपेंद्रने आपल्या परीने उपाय शोधला. स्कूटरच्या आवाजाने पोर दचकते ना, मग तो कोपऱ्यावरच इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायला लागला. उतरत्या उन्हातही घामाघूम होऊन यायचा. त्याचा परिणाम उलटाच झाला. बाप कधी येईल याची काही खूणच उरली नाही, म्हणून कानू दुपारपासूनच दाराकडे बघत बसायला लागली. खेळणी बाहेरच काढेना. मग अक्कांनी त्याला सांगितलं, की निघताना फोन कर आणि येताना मोठ्याने गाणं म्हणत ये. भूपेंद्रचा गळा म्हणजे चटईच्या कारखान्यातलंच यंत्र. पण म्हणतो बिचारा. जिन्यातून म्हणत येतो आणि दारात थांबतो, ती बघेपर्यंत. अजून ती भिंतीला पाठ लावूनच उभी राहते. फक्त खेळणी तशीच पडलेली असतात.

अक्का यंदा मुक्काम वाढवून राहिल्या. रोज सकाळी घाटा शिजवून त्यात तेल घालून कानूसमोर ठेवायच्या आणि स्वतःशीच बोलत बसायच्या, नानांबद्दल, केळीच्या ट्रकबद्दल, ताईबाईंच्या भांडखोर म्हशीबद्दल. पोर ऐकायची, पण हाताच्या अंतराच्या आत यायची नाही. एक दिवस आली. अक्कांच्या गुडघ्याला बोट लावून बघितलं आणि पळून गेली. अक्का म्हणतात, त्या दिवशी आपल्याच गुडघ्याला हात लावायची त्यांना हिंमत होत नव्हती.

जूनमध्ये कानूला पुन्हा शाळेत नेलं. या वेळी भूपेंद्र बाहेर, फाटकाशी थांबला. बाईंनी नाव विचारलं नाही, नुसते रंग पसरून ठेवले. बऱ्याच वेळाने कानूने बाईंच्या ओढणीला हात लावला आणि ओढणीलाच सांगितलं, "हिरवा." मेघाला रडू आलं. शाळेने घेतलं पोरीला. पहिल्या आठवड्यात एका मुलाने पाणी सांडलं आणि कानू कान धरून उभी राहिली, असा बाईंचा निरोप आला, तेव्हा अक्का दिवसभर जेवल्या नाहीत.

अक्का सावद्याला परत जाणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. चप्पल घालून. अक्का धोतराच्या घड्या करत होत्या. खालून भूपेंद्रचं गाणं जिना चढत होतं आणि त्या हातातली घडी तशीच धरून ऐकत होत्या. गाणं थांबलं. दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही. आम्ही दोघेही कान देऊन उभे होतो.

त्यांचा चेहरा मला बघवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "अक्का, इतकंही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या धाकामुळेच भूपेंद्र शिकला, एवढा पुढे आला, हेही खरंच आहे ना?"

अक्कांनी घडी पूर्ण केली, ती बगलेत मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो पुढं नही आला, भाऊ, माह्यापासून पयाला."